भरतीची वाट अडवू देऊ नका!

नवी मुंबईकरांनो, उरणकरांनो,

पाणथळ एका रात्रीत बुजत नाही. आधी खाडीकडून येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी डेब्रिज पडतं. भरतीचं पाणी आत यायचं थांबतं. चिखल तडकतो, निवट्या मरतात, पाखरं उठून जातात. मग कुणीतरी म्हणतं, ‘इथे कुठे पाणी आहे? ही तर कोरडी जमीन.’ त्यानंतर भराव येतो आणि भरावावर इमारत. म्हणून पहारा हवा तो पाण्याच्या वाटेवर.

नेरुळचा डीपीएस तलाव 2024 मध्ये असाच पाण्यावाचून सुकला. त्या उन्हाळ्यात तिथे रोहित पक्षी दगावले. नागरिक रस्त्यावर उतरले, मागे हटले नाहीत. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो रोहित पक्ष्यांसाठी राखीव करायला मान्यता दिली. रेटा लावला की फरक पडतो.

ठाणे खाडीला 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला. पण रोहित ओहोटीला खाडीच्या चिखलात चरतात आणि भरती चढली की नेरुळ, उरणच्या पाणथळींवर विसावतात. या जागा गेल्या, तर नुसती खाडी राखून ते टिकतील कसे?

आणि आपण? आपलं शहर खाजणावर उभं आहे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की खाडी पाणी घेत नाही. ओहोटी लागेपर्यंत ते पाणथळीत थांबलं नाही, तर आपल्या तळमजल्यात शिरणार.

आजपासून एवढं करूया:

1. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला जवळच्या पाणथळीत पाणी येतं का, ते पाहा. तारीख, वेळ, ठिकाण नोंदवून फोटो काढा.

2. नाला बुजलेला दिसला तर महापालिका, जिल्हाधिकारी आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. तिवरांवर डेब्रिज टाकायला आणि त्यांच्या भोवतीच्या 50 मीटरांत बांधकामाला मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये मनाई केली आहे, हे तक्रारीत लिहा.

3. घराची दुरुस्ती काढलीत, तर डेब्रिज कुठे रिकामं होणार, हे ठेकेदाराला आधी विचारा.

4. गावातल्या आगरी-कोळी वडीलधाऱ्यांसोबत बसा. जुने नाले, उघाड्या (बांधातली भरतीच्या पाण्याची दारं) कुठे होत्या, हे त्यांना पाठ आहे. ते नकाशावर उतरवून घ्या.

पुढचं उधाण पंधरा दिवसांच्या आत आहे. त्या दिवशी बांधावर भेटूया.