युद्धाच्या नावावर खपवलेली अँटेना

१/१३
‘युद्ध ही शोधांची जननी’ हे वाक्य रडारच्या संदर्भात इतक्या वेळा उच्चारले जाते, की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. जागची तसूभरही न हलता क्षणार्धात दिशा बदलणारी, शत्रूचा गोंगाट ओळखून त्या बाजूला कान बंद करणारी अँटेना, म्हणजेच ॲडॅप्टिव्ह फेज्ड ॲरे, हे या वाक्याचे आवडते उदाहरण. या अँटेनाची वंशावळ मात्र निराळेच काही सांगते. हा थ्रेड त्या वंशावळीचा.

२/१३
आधी तत्त्व. रथाचा दोर ओढणारी माणसे ‘जोर लगाके हैशा’च्या एका ठेक्यावर ओढतात तेव्हा रथ हलतो, ठेका चुकला की तेवढीच ताकद वाया जाते. रेडिओ लहरींचेही तसेच. अनेक छोट्या अँटेना ओळीने उभ्या केल्या, तर तिरकस येणारी लहर एकीला आधी आणि दुसरीला किंचित नंतर भेटते. प्रत्येकीच्या संदेशाला योग्य तेवढा विलंब दिला, की एका विशिष्ट दिशेने आलेली लहर ठेक्यात जुळते आणि बाकीच्या दिशांची क्षीण होते. विलंब बदलला की ‘पाहण्याची’ दिशा बदलते. यंत्र जागेवरच राहते.

३/१३
हे प्रथम करून दाखवले कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी, १९०५ मध्ये, स्ट्रासबुर्ग येथे. तीन अँटेना, त्यांपैकी एकीच्या लहरीची कला मागे सारलेली. परिणामी प्रक्षेपण एका दिशेला अधिक. उद्देश होता बिनतारी संदेश हव्या त्या दिशेला धाडण्याचा. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मार्कोनींसह मिळाले. पहिल्या महायुद्धात एका पेटंट खटल्यातील साक्षीसाठी ते अमेरिकेस गेले. पुढे अमेरिका युद्धात उतरल्यावर त्यांना मायदेशी परतता आले नाही. १९१८ मध्ये ब्रुकलिन येथे त्यांचे निधन झाले. या विद्येच्या आद्य संशोधकाला युद्धाने दिले ते एवढेच.

४/१३
दुसरा टप्पा दूरध्वनीचा. न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातील व्यावसायिक रेडिओ-दूरध्वनी १९२७ मध्ये सुरू झाला. अटलांटिकच्या तळाशी दूरध्वनीची तार पडायला मात्र १९५६ उजाडले. मधली जवळजवळ तीस वर्षे माणसांचा आवाज आकाशमार्गेच जात होता. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन, एकाच वेळी अनेक वाटांनी, निरनिराळ्या कोनांतून खाली येत. त्या एकमेकींना छेदत आणि चालू संभाषण मध्येच विरून जाई. वातावरण सतत बदलत असल्याने हे कोनही स्थिर नसत.

५/१३
बेल प्रयोगशाळेतील हॅराल्ड फ्रिस आणि कार्ल फेल्डमन यांनी यावर उपाय शोधला आणि तो १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. न्यू जर्सीतील होमडेल येथे समभुज चौकोनाच्या आकाराच्या सहा अँटेना एका रांगेत उभारण्यात आल्या. या रचनेचे नाव ‘मूसा’. अर्थ, दिशा वळवता येणारी बहुघटक अँटेना. तिची एक शाखा आवाज कोणत्या कोनांतून उतरतो आहे हे सतत चाचपत राही, आणि इतर शाखा त्या कोनांकडे वळवल्या जात. परिस्थितीचे मापन करायचे आणि त्यानुसार स्वतःची घडी बदलायची, या कल्पनेचे बीज येथे स्पष्ट दिसते. त्यामागची प्रेरणा होती पैसे मोजून परदेशी बोलणाऱ्या ग्राहकाची तक्रार.

६/१३
युद्धाने या विद्येला वेग दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. जर्मनीच्या ‘मामुट’ रडारची अवाढव्य चौकट स्थिर राही आणि तिचा झोत विद्युत-मार्गाने फिरे. अमेरिकी नौदलाच्या ‘मार्क ८’ या तोफमाऱ्याच्या रडारवर तीन ओळींत प्रत्येकी चौदा, अशा बेचाळीस अँटेना होत्या. परंतु या दुसऱ्या अँटेनाचे नाव पाहावे: तिलाही ‘मूसा’च म्हणत. तोफेने दूरध्वनीकडून कल्पना उसनी घेतली, आणि नावही तेच ठेवले. एवढा बोलका पुरावा इतिहासात क्वचितच सापडतो.

७/१३
‘ॲडॅप्टिव्ह’ हे विशेषण खऱ्या अर्थाने लागू झाले ते शीतयुद्धात. कोणतीही अँटेना मुख्य दिशेखेरीज आजूबाजूलाही थोडेफार ऐकते. शत्रूचा जॅमर नेमका त्याच चोरवाटांनी गोंगाट घुसवतो. जनरल इलेक्ट्रिकचे पॉल हॉवेल्स यांनी साहाय्यक अँटेनाच्या मदतीने तो गोंगाट आपोआप वजा करणारे मंडल रचले. त्याचे पेटंट १९६५ मध्ये मिळाले. सिडनी ॲपलबॉम यांनी त्यामागचा गणिती सिद्धान्त १९६६ मध्ये एका तांत्रिक अहवालात मांडला. हे कार्य संरक्षणाच्या गरजेतून आले, यात शंका नाही. पण तो अहवाल खुल्या नियतकालिकात छापला गेला १९७६ मध्ये. मधली दहा वर्षे तो मोजक्याच हातांत फिरत राहिला.

८/१३
त्याच काळात स्टॅनफर्ड विद्यापीठात बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी मार्शियन हॉफ वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होते: यंत्राला चुकांतून शिकवता येईल का? १९६० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली ‘लघुतम सरासरी वर्ग’ पद्धत अतिशय साधी आहे. प्रत्येक वेळी चूक मोजायची आणि ती कमी होईल अशा दिशेने प्रत्येक घटकाचे वजन किंचित बदलायचे. १९६७ मध्ये विड्रो आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत अँटेनाला लावली, संगणकीय सिम्युलेशनने तिचे वर्तन दाखवले आणि सारे खुलेपणाने छापले. दोन्ही वाटा जवळजवळ एकाच गणिती उत्तराशी पोहोचतात. पण खुली छापलेली वाट अँटेनापुरती राहिली नाही. ती दूरध्वनीच्या तारांवरील प्रतिध्वनी घालवण्यापर्यंत आणि श्रवणयंत्रांपर्यंत गेली.

९/१३
तिसरी वाट जमिनीखालून आली. १९६३ च्या मर्यादित अणुचाचणीबंदी करारातून भूमिगत चाचण्या वगळल्या गेल्या. त्या ओळखण्यासाठी अमेरिकेने मोंटाना राज्यात १९६५ मध्ये ५२५ भूकंपमापकांचे जाळे उभारले. त्या नोंदींसाठी जॅक केपॉन यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत आज रडारच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. हव्या दिशेचा आवाज जसाच्या तसा ठेवायचा आणि बाकी सर्व ऊर्जा शक्य तितकी घटवायची, हे तिचे सूत्र. भारतातही, कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राचे असेच भूकंपमापक जाळे १९६० च्या दशकापासून कार्यरत आहे.

१०/१३
येथे एक आक्षेप येतो: या सगळ्यामागे पैसा तर संरक्षण खात्यांचाच होता ना? बऱ्याच अंशी होय. त्या काळातील अमेरिकी विद्यापीठांचे कितीतरी संशोधन लष्करी निधीवर चाले. परंतु निधी आणि कल्पना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटबंधारे खाते कालव्याने पाणी पुरवते. म्हणून बियाण्याचा वाण त्या खात्याने शोधला असे कोणी म्हणत नाही. वर आलेले प्रश्न पुन्हा पाहावेत: विरणारे संभाषण, शिकणारे यंत्र, करार पाळला जातो का याची पडताळणी. जॅमर हा त्यांतील एक प्रश्न आहे, एकमेव नव्हे.

११/१३
या अँटेनांची रचना करणाऱ्यांना एक धोका चांगला ठाऊक असतो. सिम्युलेशनमध्ये सर्व घटक आदर्श असतात. प्रत्यक्षात ते एकमेकांवर परिणाम करतात आणि त्यांच्या जुळणीत बारीक चुका राहतात. अशा वेळी हव्या संदेशाची दिशा किंचित जरी चुकीची गृहीत धरली, तरी यंत्रणा त्या खऱ्या संदेशालाच गोंगाट समजते आणि तत्परतेने तो पुसून टाकते. संदेश जितका बलवान, तितका तो पूर्णपणे पुसला जातो. इतिहासलेखनालाही हा धोका आहे. कथेची सुरुवात रडारपासूनच होते असे एकदा ठरवले, की ब्राउन आणि ‘मूसा’ कथेतून आपोआप वगळले जातात.

१२/१३
महाराष्ट्राशी या विद्येचा संबंधही शांततेचाच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोविंद स्वरूप यांच्या चमूने १९७० मध्ये उटी येथे उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीत १,०५६ द्विध्रुव अँटेना एका रेषेत आहेत. तिची उत्तर-दक्षिण दिशा लहरींची कला बदलूनच साधली जाते. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस तबकड्यांचे संदेश ठेक्यात जुळवून एकत्र केले जातात, तेव्हा दूरच्या स्पंदक ताऱ्यांची क्षीण टिकटिक ऐकू येते. नारायणगावच्या परिसरात हे फेज्ड ॲरेचे तत्त्व रोज राबते आहे.

१३/१३
हा वाद केवळ श्रेयाचा नाही. युद्धच शोध लावते असे मानणारा समाज निधी आणि गुणी विद्यार्थी बंद दारांआडच्या प्रयोगशाळांकडे वळवतो, आणि खुल्या विद्यापीठीय संशोधनाला चैन समजतो. या अँटेनाच्या इतिहासात मात्र सर्वांत दूरवर पोहोचले ते खुले छापलेले ज्ञान. आज फाइव्ह-जीच्या मनोऱ्यावरील चपट्या पेटीत अनेक छोट्या अँटेना मिळून प्रत्येक फोनकडे स्वतंत्र झोत वळवतात. १९३७ मध्ये होमडेलला सोडवलेला प्रश्नही दूरध्वनीचाच होता. तेव्हा पाठ्यपुस्तकात या विद्येचे प्रकरण लिहिताना पहिले वर्ष १९३९ नसावे, १९०५ असावे.