परका कोण?

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आमच्या वर्गात भांडण झाले. दिवाळीनंतर आमच्याकडे एक नेपाळी मुलगा आला आहे. त्याचे वडील हापूसच्या बागेत राखणीला असतात. आमच्यातला एकजण त्याला म्हणाला, "तू परका, जा तुझ्या गावाला." सगळे हसले. मीपण हसलो. घरी ही गंमत सांगितली, तर आजोबा हसले नाहीत. ते म्हणाले, "अरे, मग मी कोण होतो?"

माझे आजोबा विसाव्या वर्षी मुंबईला गेले आणि लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. गावकीच्या खोलीत राहायचे, खानावळीत जेवायचे. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला उठायचा आणि त्याच जागेवर हा झोपायचा. दर महिन्याला गावी मनिऑर्डर यायची. आमच्या घराची कौले त्या पैशातली आहेत.

गुरुजींनी सांगितले, की मुंबईत पहिली कापडगिरणी 1854 साली स्थापन झाली. पुढे लालबाग-परळचे गिरणगाव झाले. ते कोकणातल्या, घाटावरच्या आणि उत्तरेतल्या माणसांनी उभे केले. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. संपामुळेच गिरण्या बुडाल्या असे काहीजण म्हणतात. माझ्या मते ते पुरते खरे नाही. भिवंडीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते, गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती, आणि कापडापेक्षा जागेलाच जास्त भाव आला होता. आता तिथे मॉल आणि टोलेजंग इमारती आहेत. आजोबा गावी परतले. माझे काका नालासोपाऱ्याला राहतात आणि पहाटेची लोकल पकडून कामाला जातात.

म्हणजे काम हलले की माणूस हलतो. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती कमी झाली आणि ठाणे जिल्ह्याची 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेली. आपला रत्नागिरी जिल्हाही 17 लाखांवरून 16 लाखांवर आला. 2011 च्या जनगणनेत इथे 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. बाप्ये मुंबईला, बायामाणसे घरी, हेच त्या आकड्यात दिसते.

आता सांगा, आपली माणसे गेली तर बागेत फवारणी कोण करणार? रात्री राखण कोण करणार? म्हणून नेपाळची माणसे येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यांच्याही घरी कोणीतरी पैशाची वाट बघत असेल. पोटासाठी गाव सोडणाऱ्याला परका म्हणायचे असेल, तर आपल्या प्रत्येक घरात एक परका निघेल.

आलेल्या पालकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या बागेत कामाला माणसे आली, की त्यांच्या मुलांना सहा महिने का होईना, शाळेत पाठवायला सांगा. आपल्या शाळेचा पट 17 आहे. त्यांना शाळा पाहिजे आणि शाळेला मुले पाहिजेत.

आणि मित्रांनो, मी त्या मुलाची माफी मागितली आहे. तुम्हीपण मागा.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी