कन्सोलचे आयुष्य किती असावे?

घरातल्या मुलाने टीव्हीला जोडायच्या नव्या कन्सोलसाठी हट्ट धरला, की बापाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जुन्याला काय झाले?" हा प्रश्न निव्वळ काटकसरीचा आहे असे मुलांना वाटते. आमच्या मते तो तंत्रविद्येचाही आहे. मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स २००१ साली आला आणि चारच वर्षांनी, २००५ मध्ये, दुसरा आला. तिसऱ्याची वाट मात्र २०१३ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे पाहावी लागली. यंत्र इतकी वर्षे जागच्या जागी राहिले तर विद्याही खुंटते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांला हे म्हणणे अर्धेच पटते, आणि न पटण्याचे कारण आयर्लंडमध्ये सापडते.

आयर्लंड हे एक बेट. कन्सोल घडवणारे देश म्हणून जपान आणि अमेरिकेची नावे घेतली जातात, आयर्लंडचे कुणी घेत नाही. पण १९९८ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून ह्यू रेनल्ड्स आणि स्टीव्हन कॉलिन्स यांनी हॅवॉक नावाची कंपनी काढली. तिचा माल म्हणजे गणित. पडद्यावरची पेटी ढकलली तर किती घसरेल, पिंप जिन्यावरून कसे गडगडेल, फळी कशाला टेकून राहील, याचा हिशेब करणारा प्रोग्रॅम ती खेळ बनवणाऱ्यांना विकते. हिशेब मोठा घाईचा. पडद्यावर सेकंदाला तीस चित्रे उमटायची तर एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा तिसावा हिस्सा येतो, आणि तेवढ्यात चित्र, आवाज, हालचाल सारे उरकून शिवाय हे गणितही बसवायचे. २००४ साली ‘हाफ-लाइफ २’ या खेळामुळे ते संगणकावर गाजले. पुढच्याच वर्षी तोच खेळ अवघी ६४ मेगाबाइट मेमरी असलेल्या पहिल्या एक्सबॉक्सवर उतरवण्यात आला. पुढे २००७ मध्ये इंटेलने आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी घेतली, ती गोष्ट निराळी.

नवी ताकद दर दोन वर्षांनी आयती हाती पडत असती, तर आहे ती पुरवून वापरण्याचे कष्ट कुणी घेतले असते? सोनीचे तिसरे प्लेस्टेशन २००६ साली आले, तेव्हा त्यातला एक मुख्य प्रोसेसर आणि त्याच्या दिमतीचे अनेक साहाय्यक एकाच वेळी कामाला कसे जुंपावेत, हे भल्याभल्यांना उमगेना. ते कळायला काही वर्षे गेली. यंत्र लगेच मोडीत निघाले असते तर ती विद्या अर्ध्यावरच सुटली असती.

याहून बोलका दाखला निन्टेन्डोचा आहे. मार्च २०१७ मध्ये स्विच हे यंत्र आणि ‘झेल्डा’ मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ एकाच दिवशी बाजारात आले. खेळात हॅवॉकचेच गणित होते. सहा वर्षांनी, मे २०२३ मध्ये, ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ आला. त्यात मूल फळ्या, चाके, पंखे हवे तसे एकमेकांना चिकटवून होडी करते, गाडी करते, उडते वाहनही करते; आणि जोडणी चुकली असेल तर ते खरोखरच्या वाहनासारखे कलंडते. हे सारे २०१७ साली विकत घेतलेल्या यंत्रावर चालते. चरकातून एकदा निघालेला ऊस पुन्हा घातला तर आणखी रस निघतो, हे आपल्या वाडवडिलांना कुणी शिकवावे लागले नव्हते.

आता दुसरी बाजू. २०१३ च्या चौथ्या प्लेस्टेशनमध्ये फिरती हार्ड डिस्क होती. संगणकांत त्याहून कितीतरी चपळ अशी, न फिरणारी साठवण रुळत चालली होती. ती प्लेस्टेशनच्या पोटात मुळातच बसवलेली यायला २०२० उजाडले. तोवर खेळ रचणारे त्या संथ डिस्कच्या चालीनेच खेळ रचत राहिले. पुढचा मुलूख डिस्कवरून येईपर्यंत वेळ काढायला अरुंद बोळ, नाहीतर रेंगाळणारी लिफ्ट. अशा लिफ्टमध्ये उभे राहून आमच्याही आयुष्यातली बरीच मिनिटे गेली आहेत! इथे डब्लिनचे गणितही काय करणार? हिशेब अपुरा पडत असेल तर माणूस वाट काढतो, पण वस्तूच मंद असेल तर सात वर्षे फार होतात.

एवढे मान्य करूनही आमचा कौल दीर्घ आयुष्याकडेच आहे. मात्र आमची खरी तक्रार पैशाची आहे. दुसरे प्लेस्टेशन २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरला निघाले आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर आले. त्याचे पंधरा कोटींहून अधिक नग खपले, ते काय सगळे श्रीमंतांनीच घेतले? यंत्र जुने होत गेले तसे ते साध्या घरांपर्यंत पोचले. पाचव्या प्लेस्टेशनचे उलटे झाले. युरो वापरणाऱ्या देशांत, म्हणजे आयर्लंडमध्येही, २०२० साली ते सुमारे ५०० युरोंना निघाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ५५० वर गेले. सोनीने महागाई आणि चलनांच्या चढउताराकडे बोट दाखवले. चिप लहान होत गेली की स्वस्तही होत असे, ती सोय आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, हेही खरे. पण यंत्र आठ वर्षे चालवायचे आणि जुन्याचे दाम नव्याहून चढे घ्यायचे, हा व्यवहार आम्हांला मान्य नाही. आयुष्य खुशाल वाढवा. चौथ्या-पाचव्या वर्षी किंमत उतरली पाहिजे.