शाल नको, मोबदला द्या : आपल्याच मंचावरची वेठ

या वर्षीच्या जयंतीचा हिशोब माझ्या हस्ताक्षरात आहे. म्हणून सुरुवात स्वतःपासून करतो.

तालुका केळापूर, गाव पांढरकवडा. जयंतीच्या आठवड्यातला भीम-बुद्ध गीतांचा कार्यक्रम. वहीतल्या नोंदी अशा : बाहेरून आणलेला नामांकित गायक, संचासह १ लाख ८० हजार. साऊंड, लाइट आणि एलईडी स्क्रीन ७० हजार. जनरेटर ९ हजार. स्थानिक कलापथक, सात जण, २ हजार १००. शिवाय प्रत्येकी एक शाल आणि संविधानाच्या उद्देशिकेची फ्रेम.

म्हणजे माणशी तीनशे रुपये. जनरेटरवाल्याला आम्ही शाल दिली नाही. त्याने मागितलीही नसती. त्याला पैसे दिले, तेही आदल्या दिवशी, कारण त्याशिवाय तो गाडी हलवत नाही.

नामांकित गायक अडीच तास उशिरा आला. तोवर मैदान धरून ठेवलं ते या सात जणांनी. एक पेटी, एक ढोलकी, एक खंजिरी आणि एका ताईंचा आवाज. लेकरं झोपली नाहीत, बाया उठून गेल्या नाहीत. मग हायवेकडून गाडी आल्याचा फोन आला आणि निवेदकाने ताईंचं गाणं कडव्याच्या मधेच थांबवलं. थांबवण्याचा इशारा त्याला मी केला होता.

दोन दिवसांनी मंचावर विसरलेली फ्रेम द्यायला मी ताईंच्या गावी गेलो. त्यांनी मला चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या साली मले शाल नका देऊ. घरी सतरा झाल्या. किराणावाला शाल घेऊन तेल देत नाही." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. राग आला की आपण त्याला अहंकार म्हणून मोकळे होतो.

मित्रांनो, हा लेख त्या सतरा शालींबद्दल आहे.

याला वेठ का म्हणायचं?

संविधानाचं कलम २३ माणसांच्या व्यापाराला आणि वेठबिगारीला मनाई करतं. जयंतीच्या प्रत्येक भाषणात आपण संविधानाचं नाव घेतो, पण या कलमाची आठवण क्वचितच निघते. वेठ म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ती केली आहे. महार वतनात काम ठरलेलं होतं, मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. मिळालं तर मिळालं आणि मिळालं ते उपकार म्हणून. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेब १९२० च्या दशकापासून मुंबईच्या कायदेमंडळात लढले. वतन संपवणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं.

कुणी म्हणेल, तुलना चुकीची आहे, ताईंवर जबरदस्ती कुणी केली? बरोबर आहे. कायद्याच्या भाषेत ही वेठ नाही. पण ताई "नाही" म्हणाल्या तर काय होतं ते बघा. पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही. शिवाय वस्तीत बोललं जातं, "समाजासाठी एवढंही होत नाही का?" काम ठरलेलं, मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर आणि नकार दिला तर बदनामी. तीन गोष्टी जुळल्या की नाव काहीही द्या, वळण तेच आहे. फरक इतकाच की या वेळी देणारे पाटील-देशमुख नाहीत, आपण आहोत.

"मिशन" या शब्दाची किंमत कोण मोजतं?

या सगळ्यावर एक तयार उत्तर असतं : हे मिशन आहे, धंदा नाही. आणि लगेच ती गोष्ट सांगितली जाते की शाहिरांचा एक जलसा आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा आहे, असं बाबासाहेब म्हणत. ही गोष्ट प्रत्येक निवेदकाला पाठ आहे. मग साधा प्रश्न विचारतो. दहा भाषणांच्या तोलाचं काम करणाऱ्या माणसाला तीनशे रुपये, आणि एक भाषण करणाऱ्या पाहुण्याला नागपूरहून गाडी, जेवण, मुक्काम आणि पाकीट, हा कुठला हिशोब?

१९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे जलसाकार गावोगाव गेले. मेलेली ढोरं ओढू नका, पोरांना शाळेत घाला, दारू सोडा, हे त्यांनी वगातून सांगितलं. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसापर्यंत चळवळ गाण्यातून पोचली. वामनदादा कर्डक १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. अक्षरओळख त्यांना मोठेपणी, मुंबईत झाली. त्यानंतर २००४ मध्ये जाईपर्यंत त्यांनी इतकी गीतं लिहिली की आकडा दहा हजारांच्या आसपास सांगितला जातो. त्यांची फरपट सगळ्यांना माहीत आहे. आपण ती फरपट त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती आपल्यावरचा आरोप वाटते. एवढ्या मोठ्या समाजाला आपला कवी नीट जगवता आला नाही, यात गौरव कसला?

मिशन सगळ्यांचं असेल तर त्याची झळही सगळ्यांनी सोसावी. मंडप, साऊंड, केटरर, गाडी आणि नामांकित गायक या सगळ्यांना बाजारभाव, आणि मिशन फक्त ढोलकीवाल्याच्या वाट्याला? हे मला मान्य नाही.

स्टारवर राग नाही, स्टारपूजेवर आहे

कुणी असं समजू नये की मी मोठ्या गायकांच्या विरोधात लिहितो आहे. त्यांच्या मागे दहा-बारा वादक असतात, गाडी असते. वर्षातले कमाईचे दिवस तरी किती? एप्रिल-मे, अशोक विजयादशमी, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, १ जानेवारी, ७ फेब्रुवारीची रमाई जयंती. पावसाळ्यात सगळं बंद. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीतं गायली, कव्वाली गायली आणि विठ्ठलाची भक्तिगीतंही गायली. आनंद शिंदे घराघरांत पोचले ते 'नवीन पोपट'मुळे. काही जण यावरून त्यांना नावं ठेवतात. पण १९८० च्या दशकातल्या कॅसेटच्या बाजाराने आपल्या गळ्याला पहिल्यांदा दुकान मिळवून दिलं, हे विसरू नका. मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली, छोट्या कंपन्या आल्या, वस्तीतला आवाज एसटी स्टँडवरच्या टपरीत वाजू लागला. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे तो मिळेल ते गाणारच.

माझा प्रश्न आपल्याला आहे. आपण गाण्यासाठी स्टार बोलावतो की फोटोसाठी? "मागच्या वर्षी शेजारच्या तालुक्यात अमुक आला होता, आपल्याकडे त्याहून मोठा पाहिजे", ही चर्चा मी बैठकीत ऐकली आहे आणि तीत मान डोलावली आहे. मोठा गायक म्हणजे मोठा खर्च. मोठा खर्च म्हणजे एक प्रायोजक. प्रायोजक म्हणजे मंचामागे त्याचा फ्लेक्स. मग दोन गाण्यांच्या मधे त्याच्या नावाचा जयघोष. हा साहेब वसतिगृहाच्या प्रश्नावर मोर्चात कधी दिसला नाही, शिष्यवृत्ती अडली तेव्हा त्याने फोन उचलला नाही. पण बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी त्याचा हात जोडलेला फोटो, आणि तोही प्रतिमेहून मोठा.

१९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कडक टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. ज्यांनी भक्तीचा धोका सांगितला त्यांच्याच जयंतीत आपण सेल्फीसाठी बॅरिकेड तोडतो.

गाणं कुणाचं, नाव कुणाचं?

आमच्या कार्यक्रमात त्या रात्री सोळा गाणी झाली. एकाही गाण्याआधी कवीचं नाव घेतलं गेलं नाही. मी मुद्दाम मोजत नव्हतो, नंतर व्हिडिओ बघितला तेव्हा लक्षात आलं. निम्मी गाणी तरी वामनदादांची असतील.

आपल्या देशात गीताचा कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ तर त्याहून साधी गोष्ट सांगतं : हक्क विकला तरी आपलं नाव लावून घेण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद केली. गायक-वादकांनाही रॉयल्टीचा हक्क दिला. हे कायदे सिनेमावाल्यांना माहीत आहेत. आपल्या शाहिराला माहीत नाहीत, कारण आपण त्याला सांगितलेच नाहीत.

मोबाइल आल्यावर सगळं बदलेल असं वाटलं होतं. काही बदललंही. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गायल्या आणि कुठल्याही कंपनीशिवाय महाराष्ट्रभर पोचल्या. अमरावतीच्या विपिन तातडसारखी पोरं रॅपमधून बोलू लागली. पण व्हायरल होणं आणि पैसा मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ताईंचं गाणं कुणीतरी मोबाइलवर उतरवतं, आपल्या चॅनलवर टाकतं, व्ह्यूज त्याचे, जाहिरातीचे पैसे त्याचे. ताईंचं नाव खाली "गावाकडची माऊली".

तमिळनाडूचा अरिवु बघा. २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' जगभर गाजलं. शब्द त्याचे, आवाजात तोही, आणि गाण्याच्या मुळाशी चहाच्या मळ्यात राबलेली त्याची आजी. त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याचा उल्लेख झाला, अरिवु मात्र नव्हता. पा. रंजित यांनी आवाज उठवल्यावर मासिकाला जाग आली. पुढे २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीर सांगितलं की या गाण्यातून त्यांना, अरिवुला आणि गायिका धी यांना एक रुपयाही मिळालेला नाही. एवढ्या गाजलेल्या गाण्याची ही गत, तर केळापूर तालुक्यातल्या ताईंची काय सांगावी!

पोट मोकळं असेल तरच गळा मोकळा

हा प्रश्न फक्त पैशाचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. जो कलावंत सत्तेला प्रश्न विचारतो त्याची किंमत आपण पाहिली आहे. ११ जुलै १९९७ ला रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २०१३ मध्ये विधान भवनासमोर स्वतःला पोलिसांच्या हवाली केलं. सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना २०२० मध्ये अटक झाली. २०२३ मध्ये सत्तांतरावर रॅप केला म्हणून राज मुंगासे या तरुणावर गुन्हा दाखल झाला.

अशा वेळी गाण्यावर नाचलेली गर्दी कोर्टाच्या पायरीवर दिसत नाही. ज्याच्या घरात महिनाभराचा किराणा नाही तो पुढच्या वेळी धारदार गाणं लिहिताना दहा वेळा विचार करेल. त्याला प्रायोजकाचं पाकीट घ्यावं लागेल आणि त्याचं कौतुक गावं लागेल. म्हणून कलावंताला आपल्या वर्गणीतून, ठरवून, वेळेवर पैसे देणं ही दया नाही. चळवळीचा आवाज विकला जाऊ नये याची ती व्यवस्था आहे.

"मंडळाकडे पैसा नाही" हे उत्तर मला देऊ नका. वही माझ्याकडे आहे. आपली वर्गणी कापूस वेचणाऱ्या आणि बांधकामावर जाणाऱ्या माणसांच्या खिशातून येते, हे खरं आहे. म्हणूनच ती कुठे जाते हे विचारायला हवं.

मी आमच्या बैठकीत पाच गोष्टी मांडल्या :

१. गाण्यावरच्या खर्चाचा किमान तिसरा हिस्सा तालुक्यातल्या कलावंतांना. रक्कम आधी ठरलेली, मंचावर चढण्यापूर्वी खात्यात जमा.

२. वेळ, मानधन, प्रवास, जेवण एका कागदावर लिहून. महिला कलावंतांना रात्री घरापर्यंत सोडायची जबाबदारी मंडळाची.

३. प्रत्येक गाण्याआधी कवीचं नाव. निवेदक विसरला तर श्रोत्यांनी विचारायचं.

४. कलावंताच्या परवानगीशिवाय व्हिडिओ नाही. व्हिडिओ त्याच्याच चॅनलवर जाईल, चॅनल काढून द्यायचं काम आपल्या शिकलेल्या पोरांचं.

५. दर जयंतीला तालुक्यातल्या कवीकडून एक नवं गीत, मानधन देऊन. विषय आजचा : कापसाचा भाव, वसतिगृह, बंद पडलेली शाळा.

तिसरा आणि चौथा मुद्दा टाळ्या वाजवून मान्य झाला. दुसऱ्यावर "बघू" झालं. पाचवा पुढच्या बैठकीवर गेला. पहिल्या मुद्द्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मग मोठा गायक कसा परवडेल?" मी म्हणालो, "एखाद्या वर्षी नाही परवडला तर काय होईल?" त्यावर उत्तर आलं नाही. मतदानात हा मुद्दा पडला.

पुढच्या बैठकीत मी तो पुन्हा मांडणार आहे. तोवर तुमच्या गावातल्या मंडळाची वही उघडून बघा. ढोलकीवाल्यासमोर कुठला आकडा आहे, ते मोठ्याने वाचा, सगळ्यांसमोर. आणि रकान्यात आकड्याऐवजी "शाल" लिहिलं असेल तर तेही वाचा.

जय भीम!