पदक कशाचं असतं?

१५ ऑगस्ट २०२५ ची सकाळ. कर्जतजवळच्या एका शाळेत झेंडावंदनानंतर मुलांशी चार शब्द बोलायला मला बोलावलं होतं. आदल्या रात्री पोळ्या लाटता लाटता विचार करत होते, काय बोलावं? दरवर्षीचं तेच ते भाषण मुलांना पाठ असतं. तेवढ्यात चार-पाच दिवसांपूर्वी वाचलेली एक बातमी आठवली. १० ऑगस्टला ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर यांचं निधन झालं होतं. ठरवलं, यांचीच गोष्ट सांगायची.

पारुळकर मार्च १९६३ मध्ये हवाईदलात दाखल झाले. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये युद्ध पेटलं. शत्रूच्या माऱ्यात त्यांचं विमान सापडलं, उजव्या खांद्याला जखम झाली. 'विमान सोड, उडी मार,' असं त्यांच्या तुकडीप्रमुखाने सांगितलं होतं. पण त्यांनी ते मोडकं विमान तशाच हाताने तळावर परत आणलं. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालं.

मग आलं १९७१. या वेळी ते सुखोई-७ चालवत होते. हे बॉम्ब आणि रॉकेटं घेऊन अगदी खालून जाणारं, जमिनीवरच्या शत्रूवर हल्ला करणारं विमान. खालून जाणाऱ्याला धोकाही मोठा, कारण जमिनीवरच्या तोफा वाटच पाहत असतात. १० डिसेंबरला जफरवालजवळ त्यांचं विमान पडलं आणि ते पाकिस्तानच्या हाती सापडले. रवानगी झाली रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत.

युद्ध तर आठवड्याभरात संपलं, पण कैद संपेना. महिने जात राहिले. मग पारुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी पळून जायचं ठरवलं. हाताशी येईल त्या छोट्या हत्यारांनी रात्री-रात्री भिंतीच्या विटा सैल केल्या. सुई चुंबकावर घासून होकायंत्र केलं. उड्डाणाच्या पोशाखातल्या रबरी पिशव्या पाण्यासाठी घेतल्या. कैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातले पैसे साठवले. आपण नाही का डाळीच्या डब्यात घरखर्चातले पैसे साठवत, अगदी तसे! १३ ऑगस्ट १९७२ च्या मध्यरात्रीनंतर, वादळी पावसात, ते भिंतीतून बाहेर पडले. बसने पेशावर गाठलं, तिथून पुढे थेट खैबर खिंडीतल्या लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाणिस्तानची हद्द अवघ्या काही मैलांवर राहिली होती. तिथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. नकाशात ते स्टेशन होतं, पण तिथली रेल्वे कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडलेली. परक्या माणसांना हे ठाऊक नाही म्हटल्यावर लोकांना संशय आला आणि तिघं पकडले गेले. अखेर १ डिसेंबर १९७२ ला इतर कैद्यांबरोबर ते वाघा सीमेवरून मायदेशी आले.

कैदेतून सुटण्याच्या या धडपडीचं नेतृत्व केल्याबद्दल पारुळकरांना विशिष्ट सेवा पदक दिलं गेलं.

मी थांबले. टाळ्या झाल्या. तेवढ्यात पुढच्या ओळीतला, सहावी-सातवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "पण बाई, ते तर पकडले गेले ना? मग पदक कशाचं?"

सगळे हसले. मी मात्र गडबडले. खरं सांगते, त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येताना एसटीत तोच प्रश्न डोक्यात घोळत होता. मुलाचं काय चुकलं? आपणच त्याला शिकवलंय ना, की पहिला आला त्यालाच बक्षीस! दहावीच्या निकालाच्या दिवशी पंच्याण्णव टक्केवाल्याच्या घरी पेढे, आणि मजुरीवर जाऊन, दुसऱ्या वेळेला कशीबशी पास झालेल्या पोरीच्या घरी कुणी फिरकतसुद्धा नाही. सीमा ओलांडली का, एवढंच आपण बघतो. भिंत किती दिवस कोरली, हे कुणी विचारत नाही. त्या पदकाने मात्र ते विचारलं. तुम्ही पोचलात की नाही यापेक्षा तुम्ही हार मानलीत की नाही, हे त्याने पाहिलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

पण मैत्रिणींनो, हार न मानणं हेच जर पदकाचं माप असेल, तर मला दुसरंही एक नाव घ्यायलाच हवं. दमयंती तांबे. राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या. त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे हेसुद्धा सुखोई-७ चेच वैमानिक. पारुळकरांच्या आधी पाच दिवस, ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान शोरकोट भागात पडलं. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. काही भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी पाकिस्तानातल्या एका वर्तमानपत्रात आली, तिच्यात तांब्यांशी मिळतंजुळतं नाव होतं. पण कैदी परतले त्यांत विजय तांबे नव्हते. बेपत्ता म्हणून ज्या ५४ जणांची नावं घेतली जातात, त्यांत त्यांचं नाव राहिलं. दमयंतीताईंनी नोकरी केली, अर्ज केले, मंत्र्यांची दारं ठोठावली. २००७ मध्ये इतर नातेवाइकांबरोबर त्या पाकिस्तानातले तुरुंगही बघून आल्या. हाती काही लागलं नाही.

त्यांचीही भिंत कोरणंच चाललं होतं की! एका रात्रीचं नाही, महिन्याचं नाही, काही दशकांचं. त्याला कुठलं पदक?

ही गोष्ट मी खालापूरकडच्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत सांगितली. हप्ते, व्याज, पासबुकं सगळं बाजूला राहिलं. एक वयस्क बाई हळूच म्हणाली, "ताई, माणूस गेलं असं कळलं तर रडून मोकळं होता येतं. बेपत्ता म्हटलं की कुंकू ठेवायचं का पुसायचं, हेपण कळत नाही." कुणी काही बोललं नाही. बेपत्ता हा शब्द आमच्या तालुक्याला नवा नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं सापडलीच नाहीत. चौथ्या दिवशी, २३ जुलैला शोध थांबला. सरकारी कागदावर तो थांबतो, घरातल्या बाईच्या मनात थांबतो का?

युद्ध आणि दरड एकच, असं मला म्हणायचं नाही. सैनिकाचा मान सैनिकालाच. पण मागे राहिलेलीचा दिवस दोन्हीकडे सारखाच उगवतो. चूल पेटवायची, पोरांना शाळेत धाडायचं, कचेरीत दाखल्यासाठी रांग लावायची आणि दाराकडे लक्ष ठेवायचं.

म्हणून माझं एक म्हणणं आहे. प्रजासत्ताक दिनाला, स्वातंत्र्यदिनाला आपल्या गावात पाहुणे म्हणून पुढारी येतातच. येऊ देत. पण शेजारी एक खुर्ची गावातल्या सैनिकाच्या आईला किंवा बायकोला द्या. नुसता नारळ आणि शाल देऊन बसवू नका, तिला बोलू द्या. तो सीमेवर असताना घरी काय काय चाललं होतं, हे मुलांना तिच्या तोंडून ऐकू द्या. हे काम बचत गटातल्या आपण बायका सहज करू शकतो, त्याला ना निधी लागतो ना मंजुरी.

आणि त्या मुलाला भेटायला मी पुन्हा शाळेत जाणार आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला उशिरा का होईना, सापडलंय. बाळा, पदक पोचल्याचं नसतं. अंधारात भिंत कोरत राहिल्याचं असतं. आणि पुष्कळांना ते मिळतही नाही, तरी ते कोरत राहतात. तुझ्या घरातही अशी कुणीतरी असेल. आज संध्याकाळी घरी गेलास की नीट बघ.