ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत गुजराती, हिंदी व इंग्रजीबरोबर मराठी आणि उर्दू माध्यमांचेही वर्ग भरतात. तेव्हा या शहरातील मराठी माणसाला उर्दू शिकावीशी वाटली, तर ती भाषा त्याला शेजारीच भेटते. शिवाय सुरतेचे उर्दूशी नाते जुने आहे. वली दखनीने या शहराच्या स्तुतीपर काव्य रचले, आणि दिल्लीहून गालिबची पत्रे येथे राहणाऱ्या मियाँदाद खाँ ‘सय्याह’ या मूळच्या औरंगाबादच्या शिष्याला येत असत.

शिकणे सुरू झाले की पुढे प्रश्न येतो परीक्षेचा. दुसरी भाषा म्हणून घेतलेली उर्दू खरोखर किती आली, हे कसे ओळखावे? बोलता येते यावरून निर्णय करू नये. बाजारात बोलण्यापुरती उर्दू तर आपल्यातील पुष्कळांना येते. कस लागतो तो लेखनात आणि भाषांतरात.

प्रथम लेखन पाहू. उर्दूत ‘स’ या ध्वनीसाठी से, सीन व स्वाद अशी तीन अक्षरे आहेत, तर ‘ज़’साठी ज़ाल, ज़े, ज़्वाद व ज़ोय अशी चार. ‘नज़र’ म्हणजे दृष्टी, ती ज़ोयने लिहावयाची. ‘नज़्र’ म्हणजे भेट, ती ज़ालने. आपला ‘नजराणा’ या दुसऱ्या शब्दापासून आला. उलट ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत, त्यामुळे ‘इस’ आणि ‘उस’ कागदावर सारखेच दिसतात. म्हणून श्रुतलेखनाने शुद्धलेखन कळते, आणि अपरिचित उतारा मोठ्याने वाचून घेतला की अर्थाची जाण कळते. या दोन निरनिराळ्या परीक्षा आहेत. एकीतील गुणांनी दुसरीतील उणीव झाकली जाऊ नये.

भाषांतरात तर मराठी विद्यार्थ्याची गंमतच होते. फारसी-अरबीतून आलेले शेकडो शब्द आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. परंतु नांदता नांदता त्यांचे स्वभाव बदलले. आपला ‘राजीनामा’ नोकरी सोडण्याचा. उर्दूतील ‘राज़ीनामा’ दोन पक्षांच्या तडजोडीचा, नोकरी सोडावयाची तर ‘इस्तीफ़ा’ द्यावा लागतो. आपण ‘तक्रार’ नोंदवितो; उर्दूत ‘तकरार’ म्हणजे हुज्जत, गाऱ्हाण्याला ‘शिकायत’ म्हणतात. आपला ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण, त्यांचा सारांश. आपली ‘मुलाखत’ वर्तमानपत्रात छापून येते, त्यांची ‘मुलाक़ात’ ही साधी भेट. गुजराती भाषकाला किंवा तमिळ भाषकाला जेथे निराळे खड्डे लागतील, तेथे आपल्याला हे लागतात. मराठी विद्यार्थ्यासाठी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत असे शब्द मुद्दाम पेरलेले असावेत.

शिवाय उतारा न पाहिलेला हवा. इंग्रजी अमदानीत कंपनीचे अधिकारी हिंदुस्थानीची परीक्षा देत, तेव्हा मीर अम्मनचा ‘बाग-ओ-बहार’ हा नेमलेल्या ग्रंथांपैकी एक असे. पुढे प्रवासी म्हणून गाजलेला रिचर्ड बर्टन बडोद्याच्या पलटणीत असताना १८४३ साली मुंबईला जाऊन ही परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याचे परीक्षक व्हॅन्स केनेडी यांनी १८२४ साली मराठीचा कोशही प्रसिद्ध केला होता. नेमलेल्या ग्रंथात एक धोका असतो: मेहनती विद्यार्थी भाषांतर पाठ करून ठेवतो. मग परीक्षा भाषेची न राहता स्मरणशक्तीची होते.

घरच्या घरी करण्याजोगी एक कसोटी आहे. दहा ओळींचा साधा मराठी मजकूर उर्दूत उतरवावा. मूळ कागद बाजूला ठेवावा. आठ दिवसांनी आपल्याच उर्दूवरून पुन्हा मराठी करावे आणि दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवून पाहावेत. ‘पुस्तक फाटले’चे ‘किताब फट गई’ करताना लिंग सांभाळले का, ‘तू’ आणि ‘आप’ यांचा आब राखला का, राजीनाम्याची तडजोड तर झाली नाही ना, हे शिक्षकावाचूनही बरेचसे दिसते. पुढे एखाद्या उर्दू जाणणाऱ्या शेजाऱ्याला तो कागद दाखवावा. त्याला हसू आले तर ते कोठे आले, हे विचारून घ्यावे.

हीच कसोटी वाचकांनी आपल्या घरातील मराठीला लावून पाहावी, अशी विनंती आहे. उधना-लिंबायतेत खानदेशातून येऊन स्थिरावलेली कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांची मुले घरात मराठी बोलतात, म्हणून ती त्यांना येते असे आपण धरून चालतो. पण गुजरातीतील ‘जमवुं’ म्हणजे जेवणे आणि आपले ‘जमणे’ म्हणजे गोळा होणे, ही वेगळीक त्यांच्या लेखणीला ठाऊक आहे का? मुलाला शेजारच्या गुजराती काकांची एखादी चिठ्ठी मराठीत करावयास सांगा. धुळ्या-जळगावकडच्या आजीला चार ओळींचे पत्र त्याच्या हाताने लिहवून घ्या. गुण देण्याची आवश्यकता नाही. आजीला ते पत्र एकदा वाचून कळले, की मूल उत्तीर्ण झाले असे समजावे. आणि तिला दोनदा वाचावे लागले, तर रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे त्याच्याजवळ बसण्याची पाळी आपली आहे.