गोदावरीवर घर का तरंगले नाही?

१/ परदेशात कुणी पिंपे, फळ्या आणि पत्रे जोडून स्वतःच्या हातांनी तरंगते घर बांधले, की त्याची चित्रफीत आपल्याकडे हमखास फिरते. मग नांदेड-लातूरकडच्या मित्रांचा प्रश्नही ठरलेला असतो : 'एवढी मोठी गोदावरी उशाशी असताना आपल्याकडे हे का घडले नाही?' या प्रश्नामागे एक न उच्चारलेले उत्तर दडलेले असते, की आपली माणसे या बाबतीत मागे होती. हा थ्रेड त्या उत्तराविरुद्ध आहे.

२/ माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठवाड्याच्या नद्यांवर कुणी घर बांधले नाही, कारण इथल्या माणसांना आपली नदी नीट कळत होती. त्यांनी नदी ओलांडण्याची साधने बांधली, तीही घरच्या घरी, हाताशी असलेल्या वस्तूंतून. इतिहासाने त्या साधनांची दखल घेतली नाही. या विस्मरणाची किंमत आपण अजून मोजत आहोत.

३/ प्रथम, हाउसबोट जन्माला कुठे येते ते पाहू. केरळमधील 'केट्टुवळ्ळम' मुळात भात वाहून नेणारी मालवाहू नाव होती. आंजिली लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून, खिळा न वापरता ती बांधली जाई. रस्ते झाले, मालवाहतूक ट्रकवर गेली आणि या नावा बेकार झाल्या. १९९०च्या दशकात त्यांवर खोल्या चढवून पर्यटकांसाठी आजची हाउसबोट घडली.

४/ काश्मीरची कथा निराळी. तिथे हांजी समाज 'डूंगा' नावाच्या होड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहत होता. पुढे युरोपीय लोक येऊ लागले. संस्थानात त्यांना जमीन घेता येत नव्हती. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यासाठी देवदारी लाकडाची सजवलेली घरे पाण्यावर उभी राहिली. एका ठिकाणी मालवाहतूक, दुसऱ्या ठिकाणी जमिनीचा कायदा. हौस दोन्हीकडे नंतर आली.

५/ या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : बारमाही आणि बऱ्यापैकी स्थिर पाणी. तरंगत्या घराला तळाखाली पुरेशी खोली लागते, दोर बांधायला भरवशाचा काठ लागतो आणि पाण्याची पातळी एका रात्रीत घर उचलून नेणार नाही अशी खात्री लागते. यांपैकी धरणांपूर्वीच्या गोदावरीने काय दिले असते?

६/ गोदावरी आणि मांजरा या दख्खनच्या काळ्या पाषाणावरून वाहणाऱ्या, पावसावर जगणाऱ्या नद्या. त्यांच्या उगमाशी वितळणारे बर्फ नाही. पावसाळ्यात त्या काठ सोडून धावतात आणि उन्हाळ्यात एकेका डोहापुरत्या उरतात. मधल्या पात्रात वाळू आणि खडक उघडे पडतात. श्रावणात बांधलेले तरंगते घर वैशाखात खडकावर कलंडून पडले असते. तिथून ते हलवायला बैल जुंपावे लागले असते!

७/ 'पण सातवाहनांच्या नाण्यांवर जहाज आहे ना?' आहे. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज स्पष्ट दिसते. मात्र ते समुद्रावरचे जहाज आहे आणि ही नाणी पूर्व किनाऱ्याच्या व्यापाराशी निगडित आहेत. त्यावरून पैठणच्या घाटाला जहाजे लागत होती, असा निष्कर्ष काढणे म्हणजे इतिहासाला आपल्या इच्छेचे वल्हे मारणे होय.

८/ याबाबत इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ फार स्पष्ट बोलतो. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण. तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड भडोचला जाई, ते गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून. पैठण गोदावरीकाठी, तेर तेरणेकाठी, आणि तरीही माल बैलगाडीने!

९/ इथे एक आक्षेप रास्त आहे : नदी पूर्वेला वाहते आणि भडोच पश्चिमेला, मग नावेचा प्रश्नच कुठे येतो? मान्य. तरीही मुद्दा उरतोच. आपल्या प्राचीन नगरांनी नदीकाठ निवडला तो पाण्यासाठी, शेतीसाठी, तीर्थासाठी. वाहतुकीचा कणा मात्र रस्ता आणि बैल हाच राहिला.

१०/ भाषेतही याची खूण सापडते. मराठीत 'तरणे' म्हणजे पाण्यावर राहणे, पार होणे आणि वाचणेही. आपल्याला 'ऐलतीर' आणि 'पैलतीर' हे शब्द सुचतात. मधल्या पाण्यावरील वस्तीला मात्र रूढ शब्द नाही. गोदेच्या उपनदीकाठी, प्रवरेवरच्या नेवाशात सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात माया ही नदी होऊन येते, आणि सारी विवंचना ती तरून कसे जावे याचीच आहे.

११/ आता एका रोजच्या वाक्प्रचाराकडे वळू. आपण म्हणतो, 'दोन गोष्टींची सांगड घातली.' ही सांगड म्हणजे मूळची नदी ओलांडण्याची जोडणी : वाळवून पोकळ केलेले भोपळे दोरीने एकत्र बांधायचे, किंवा दोन होड्या शेजारी-शेजारी जखडायच्या. भोपळ्यांवर छाती टेकून, पाय मारीत पोहणारा पैलतीर गाठी. मराठी माणूस रोज एका होडीचे नाव घेतो आणि त्याला ते ठाऊक नसते.

१२/ सांगडीखेरीज लाकूड कोरून केलेली डोण होती, लाकडी ओंडक्यांचा तराफा होता. दख्खनच्या नद्यांवर वेताच्या वा बांबूच्या सांगाड्यावर कातडे ताणलेली गोल टोपली होती; सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने अशा टोपल्यांतून नदी ओलांडल्याचे लिहून ठेवले आहे. ऊसपट्ट्यात तर गुऱ्हाळाची काहीलच पुरात होडी होते. या साधनांत समान काय? ती स्वस्त आहेत, आणि बरीचशी खांद्यावर वा डोक्यावर उचलून काठावर ठेवता येतात. चार महिन्यांच्या पाण्याला हेच उत्तर योग्य होते.

१३/ ही साधने 'किरकोळ' वाटत असतील, तर राक्षसभुवन आठवा. १० ऑगस्ट १७६३. गोदावरीला पूर आलेला. निजाम अली सैन्याचा एक भाग घेऊन पार झाला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर अडकला होता. राघोबादादा आणि अठरा वर्षांचे माधवराव यांनी त्याला तिथेच गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजाम पैलतीरावरून काहीही करू शकला नाही.

१४/ या लढाईचे श्रेय आपण पेशव्यांच्या शौर्याला देतो, ते योग्यच आहे. पण भर पावसाळ्यात फौजेचे दोन तुकडे करणारी नदी आणि ती पार करून देणारी किंवा न देणारी नावाड्यांची यंत्रणा यांचाही त्या दिवशीच्या निकालात वाटा होता. बखरी सरदारांची नावे सांगतात, वल्हे मारणाऱ्या हातांची सांगत नाहीत.

१५/ गोदावरीला जलमार्ग करण्याचा मोठा प्रयत्न झाला तो एकोणिसाव्या शतकात. धवळेश्वरमचा बंधारा (१८५२) उभारणाऱ्या आर्थर कॉटनची कल्पना अशी : हिंगणघाटकडचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा. १८६० च्या तहाने निजामाने डाव्या तीरावरचा सिरोंचाचा मुलूख इंग्रजांना दिला आणि नदीवरील वाहतूक जकातमुक्त झाली. पुढे अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचे मोल आले.

१६/ तरीही १८७१ मध्ये ही योजना सोडून द्यावी लागली. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते, पाणी वर्षातले काही महिनेच पुरेसे असे, आणि तोवर रेल्वे आली होती. साम्राज्याचा पैसा आणि सुरुंगाची दारू जिथे हरली, तिथे नांदेडच्या भोयांनी घर तरंगवले नाही म्हणून त्यांना मागास ठरवायचे? पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेडला जी रेल्वे आली, तिचे नावच 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली' होते. वाट नदीच्या खोऱ्यातून गेली, नदीवरून नाही.

१७/ चित्र बदलले ते धरणांनी. जायकवाडीचा नाथसागर आणि नांदेडजवळ विष्णुपुरीचा शंकरसागर यांमुळे गोदावरीला मोठे, साचलेले पाणी मिळाले. आता तरंगते घर शक्य आहे का? गणित सोपे आहे. २०० लिटरचे बंद पिंप पूर्ण बुडाले तर सुमारे २०० किलो पेलते. त्यातून त्याचे स्वतःचे वीसेक किलो वजा करा. दोन टनांच्या खोलीला कागदावर बारा पिंपे पुरतात. पण पिंपे निम्मीच बुडालेली हवीत, नाहीतर एका बाजूला चार माणसे सरकली की घर कलते. म्हणजे पिंपे लागतील पंचवीस. तत्त्व भोपळ्याच्या सांगडीचेच.

१८/ पुढची सजावटही अवघड नाही : बांबूचा सांगाडा, हलके छप्पर, जड सामान मध्यभागी आणि तळाशी, पातळीबरोबर वरखाली होईल असा सैल दोर. अडचण निराळीच आहे. विष्णुपुरीचे पाणी नांदेड शहर पिते. त्यावर राहणाऱ्याचे सांडपाणी आणि मैला कुठे जाणार? आणि दरवाजे उघडून विसर्ग सुरू झाला, की तो सैल दोर किती वेळ टिकणार? तारकर्लीच्या खाडीत भरती-ओहोटीच्या पाण्यावर हाउसबोट चालते, म्हणून ती पिण्याच्या पाण्याच्या जलाशयातही चालावी, हे मला पटत नाही.

१९/ लातूरकरांना तर हे सांगायलाच नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर. ज्या खोऱ्यात पाणी रुळांवरून येते, तिथे पाण्यावर घर ही कल्पना आपला भूगोल विसरल्याची खूण ठरते.

२०/ मग होडीचा विषय संपला का? मुळीच नाही. २०२३ मध्ये गंगापूर तालुक्यातील भिवधानोऱ्याची शाळकरी मुले जायकवाडीचे फुगवट्याचे पाणी थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून पार करीत असल्याच्या बातम्या आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ आणि परिसरातील गावांत पाणी शिरले, तेव्हा बाहेरून येणाऱ्या बचावपथकांची वाट पाहावी लागली. थर्माकोलचा तो तुकडा ही आजची सांगडच आहे. फरक एवढाच, की जुनी सांगड बांधणाऱ्याला तिचे गणित वडीलधाऱ्यांनी शिकवलेले असे.

२१/ म्हणून माझे मत असे : मराठवाड्याला हाउसबोटीची गरज नाही, नदीकाठच्या प्रत्येक गावाला एक भक्कम होडी आणि ती चालवणाऱ्या माणसांची गरज आहे. भोई समाजाकडे हे ज्ञान होते. त्याला आपण 'व्यवसाय' म्हणून मोजले, 'विद्या' म्हणून कधीच मोजले नाही. पूल झाले, धरणे झाली आणि ते ज्ञान कुणी लिहून न ठेवता विरत गेले.

२२/ तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातील मृण्मूर्ती आणि मणी पाहायला मिळतात. माती आणि दगड टिकतात. भोपळा, बांबू आणि कातडे कुजते. ज्या वस्तू पुरातत्त्वाच्या हाती लागत नाहीत, त्या अस्तित्वातच नव्हत्या असे समजणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची सर्वांत सोपी चूक आहे. ती मीही केली आहे.

२३/ शेवटी एक विनंती. तुमच्या गावात पूल होण्याआधी नदी कशी ओलांडत, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला या आठवड्यात विचारा. साधनाचे नाव काय होते, ते कशाचे होते, कोण बांधी, मोबदला धान्यात की पैशात, हे सारे त्यांच्याच शब्दांत खाली लिहा, गावाच्या आणि नदीच्या नावासह. गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी, कोणतीही नदी चालेल. सांगणारी पिढी आज काठावर बसली आहे. उद्या ती तिथे नसेल.